गिअरबॉक्सचे तेल कुठे जाते आणि आवाज कुठून येतो : पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसच्या उदाहरणातून

इंजिनात तेल किती आहे हे पाहायला डिपस्टिक असते आणि तेलाचा दाब घसरला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. हाताने गिअर बदलायच्या बहुतेक गाड्यांच्या गिअरबॉक्सला यांतले काहीच नसते. आतले तेल निम्म्यावर आले तरी गाडी नेहमीसारखी सुरू होते, गिअर पडतात, वेगही मिळतो आणि मालकाला पहिली सूचना मिळते ती आवाजातून. तो आवाज कानावर येईपर्यंत आतल्या एखाद्या बेअरिंगच्या, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्याच्या, पृष्ठभागाचे टवके उडायला सुरुवात झालेली असते. म्हणूनच तेलगळती आणि आवाज या तक्रारी गॅरेजमध्ये वेगवेगळ्या सांगितल्या जात असल्या, तरी त्यांचा तपास एकत्र करावा लागतो. त्या तपासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा : तेल गेल्यामुळे बेअरिंग खराब झाले, की बेअरिंग खराब झाल्यामुळे तेल गेले? याचे उत्तर न शोधता नवे सील बसवले तर काही महिन्यांत गळती परत सुरू होते आणि उत्तर न शोधता गिअरबॉक्स उतरवला तर एका रबरी सीलच्या कामासाठी पूर्ण गिअरबॉक्स खोलल्याचा खर्च माथी पडतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. इंजिन थोडेफार तेल जाळते, त्यामुळे बाहेर थेंब न दिसताही त्याची पातळी उतरू शकते. गिअरबॉक्समध्ये तेल जळण्यासारखे काही घडत नाही. तिथे जेवढे तेल कमी झाले, तेवढे कुठून तरी बाहेर गेलेच आहे किंवा मागच्या वेळी भरतानाच कमी भरले गेले आहे. तिसरी शक्यता नाही.

हे सगळे समजून घ्यायला पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस हे फार चांगले उदाहरण आहे. स्कोडाने 2001 मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात ऑक्टाव्हियाची जुळवणी सुरू केली आणि 2004 च्या सुमारास तिची 1.8 लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, 150 अश्वशक्तीची आरएस आवृत्ती भारतात आली. त्या काळात सर्वसाधारण ग्राहकाला घेता येईल अशी इतकी जोरकस गाडी आपल्याकडे क्वचितच होती आणि आजही तिचे चाहते ती जिवापाड सांभाळतात. तिचा पाच वेगांचा गिअरबॉक्स फोक्सवॅगन समूहाचा, 02जे या नावाने ओळखला जाणारा आहे. त्याच काळातल्या गोल्फ आणि न्यू बीटलमध्येही तो होता, त्यामुळे त्याच्या खोडी जगभरच्या मेकॅनिकना चांगल्या माहीत आहेत. मूळ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 210 न्यूटन-मीटर होता आणि गिअरबॉक्सची तो सोसण्याची ताकद साधारण 250 न्यूटन-मीटरची. पण या इंजिनाचा टॉर्क केवळ ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग बदलून बराच वाढवता येतो आणि पंधरा-वीस वर्षांत हाताहातांतून फिरलेल्या अनेक गाड्यांच्या बाबतीत तसे झालेले आहे. गळती आणि आवाजाच्या तक्रारी अशाच गाड्यांतून जास्त येतात.

आत नेमके काय फिरते

02जे गिअरबॉक्स इंजिनाला आडवा जोडलेला असतो आणि त्याच्या एकाच कवचात गिअर आणि डिफरन्शियल (वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) हे दोन्ही असतात. क्लचमधून येणारी ताकद इनपुट शाफ्टवर, म्हणजे आत येणाऱ्या फिरत्या दांड्यावर, येते, त्यावरच्या गिअरमधून ती समांतर असलेल्या आउटपुट शाफ्टवर जाते, आउटपुट शाफ्टच्या टोकाचा छोटा पिनियन (दातेरी चाक) मोठ्या क्राउन व्हीलला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला, फिरवतो आणि क्राउन व्हीलमधल्या डिफरन्शियलमधून डावा-उजवा एक्सल फिरतो. सगळे मिळून सुमारे 2 लिटर तेल या सर्वांना पुरते. तेल फिरवणारा पंप त्यात नाही. क्राउन व्हील तळाच्या तेलात बुडालेले असते आणि फिरताना ते तेल उडवत वरच्या शाफ्टपर्यंत पोहोचवते. अर्थातच तेल कमी झाले की सर्वांत दूरच्या भागाला ते सर्वांत आधी मिळेनासे होते. या गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअर मुख्य कवचाच्या बाहेर, इंजिनापासून दूरच्या टोकाला, पत्र्याच्या झाकणाखाली बसवलेला आहे, म्हणून उपासमारीची पहिली झळ त्या टोकाला लागते.

वेगाने चालवल्या जाणाऱ्या गाडीत यात आणखी एका कारणाची भर पडते. परातीतले पाणी परात तिरकी केल्यावर एका कडेला जमते, तसे तेल वळणात बाहेरच्या बाजूला सरकते. या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या डाव्या हाताला असल्याने डावीकडच्या लांब वळणावर तेल इंजिनाच्या बाजूला जाते आणि पाचव्या गिअरचे टोक कोरडे पडते. पातळी बरोबर असेल तर काही सेकंदांच्या वळणाने बिघडत नाही. पातळी अर्धा लिटर खाली असेल तर घाटातले प्रत्येक वळण बेअरिंगच्या आयुष्यातून काही ना काही वजा करत जाते.

बाहेर आले ते तेल कोणते

गाडीखाली डाग दिसला की तो गिअरबॉक्सचाच आहे असे धरून चालू नये. ऑक्टाव्हिया आरएसच्या त्याच कोपऱ्यात इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचे तेल, क्लचचे ब्रेक फ्लुइड आणि एसीचे पाणी अशी चार-पाच द्रव्ये एकत्र नांदत असतात. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवावा, त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेन्सिलीने आखून घ्याव्यात आणि सकाळी थेंब कुठे पडला ते पाहावे. मग तो बोटांत चोळून पाहावा. गिअर ऑइल घट्ट असते आणि त्याला गंधकाचा उग्र, नाकात बसणारा वास येतो, कारण दातांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी त्यात गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने मिसळलेली असतात. हा वास एकदा ओळखीचा झाला की पुन्हा चूक होत नाही. वापरलेले इंजिन ऑइल काळे आणि त्या मानाने पातळ असते. ब्रेक फ्लुइड निसरडे असते, पाण्याने धुतले जाते आणि रंगाला लागले तर रंग फुगवते; ते दिसले तर गिअरबॉक्सऐवजी त्याच्या कवचावर बसलेल्या, द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरकडे पाहावे.

पुठ्ठ्यावर एका रात्रीत दहा थेंब पडत असतील तर ते किती? एका मिलिलिटरमध्ये तेलाचे साधारण 25 थेंब धरले, तर रात्रीला अर्ध्या मिलिलिटरहून कमी आणि वर्षाला दीडशे मिलिलिटरच्या आसपास तेल जाईल. म्हणजे उभ्या गाडीच्या थेंबांनी लगेच काळजी करण्यासारखे काही होत नाही. खरी गळती धावताना होते, जेव्हा तेल गरम होऊन पातळ झालेले असते, शाफ्ट फिरत असतात आणि वारा ते मागे उडवून नेतो. त्यामुळे पुठ्ठ्यावर दोनच थेंब, पण गिअरबॉक्सच्या मागचा सबफ्रेम आणि कंट्रोल आर्म तेलाने माखलेले, असे दिसले तर ती गळती मोठी समजावी.

जागा शोधण्याचा नियम सोपा आहे, पण घाईत तो पाळला जात नाही : आधी सगळे धुऊन कोरडे करायचे, मग गाडी थोडी चालवायची आणि ओलाव्याचा सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू शोधायचा. तेल खाली आणि मागे जाते, म्हणून थेंब जिथे लोंबतो ती जागा जवळजवळ कधीच गळतीची नसते. धुतलेल्या कवचावर टाल्कम पावडर भुरभुरली तर ओल्या रेषा स्पष्ट उठून दिसतात. तरीही कळले नाही तर तेलात चमकणारे रंगद्रव्य घालून अतिनील टॉर्चने पाहणे हा खात्रीचा उपाय आहे.

या गिअरबॉक्समध्ये तेल बाहेर पडायच्या जागा मोजक्या आहेत. दोन्ही बाजूंचे एक्सल जिथे जोडले जातात त्या फ्लँजची (जोडणीच्या चकतीची) सील, वरची गिअर बदलणाऱ्या शाफ्टची सील, वेगमापकाच्या सेन्सरची रबरी रिंग, पाचव्या गिअरवरचे पत्र्याचे झाकण, रिव्हर्स लाइटचा स्विच, भरण्याचे आणि काढण्याचे नट, आणि क्लचच्या बाजूला असलेली इनपुट शाफ्टची सील. यांतली शेवटची सोडून बाकी सगळी कामे गिअरबॉक्स खाली न घेता होतात, म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असेल तेव्हा जास्त सावध राहावे. तिथे दोन सील पाठीला पाठ लावून असतात : गिअरबॉक्सची इनपुट शाफ्टची सील आणि इंजिनाची मागची क्रँकशाफ्ट सील. तेलाचा वास घेऊन कोणती फुटली आहे ते आधी ठरवावे. ते इंजिन ऑइल निघाले तर 1.8 टर्बो इंजिनात क्रँककेसमधली हवा बाहेर नेणाऱ्या नळ्या तुंबल्या आहेत का हे तपासावे, कारण आतला दाब वाढला की नवी सीलही टिकत नाही.

फ्लँजची सील जरा जवळून पाहण्यासारखी आहे. एक्सल सोडवून फ्लँज बाहेर काढली की जिथे सीलची रबरी ओठी घासते तिथे एक चकचकीत पट्टा दिसतो. त्यावरून नख आडवे फिरवावे. नख कुठेही न अडकता सरकले तर नुसती सील बदलून काम होईल. नख एका बारीक खाचेत अडकले तर त्या खाचेतून तेल नव्या सीलखालूनही जाणार. अशा वेळी फ्लँज बदलावी किंवा नवी सील एखादा मिलिमीटर आत-बाहेर बसवून ओठीला न झिजलेली जागा मिळवून द्यावी. फ्लँज काढण्याआधी ती दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून पाहणेही आवश्यक आहे. गोल फिरवताना थोडी ढील लागणे स्वाभाविक आहे, कारण गिअरच्या दातांमध्ये फट असते. पण वर-खाली हलताना ठक असा स्पर्श जाणवला तर डिफरन्शियलच्या बेअरिंगमध्ये खेळ आला आहे. सीलच्या ओठीला फिरता शाफ्ट चालतो, डगमगता शाफ्ट चालत नाही. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची जागा हीच आहे : इथे खेळ सापडला तर गळती हा परिणाम आहे आणि नुसती सील बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

ब्रीदरबद्दल गॅरेजमध्ये फारसे बोलले जात नाही. गिअरबॉक्सच्या वरच्या भागात एक छोटे टोपण असलेली श्वासनळी असते. तेल तापले की आतली हवा प्रसरण पावते आणि या वाटेने बाहेर जाते. ती चिखलाने बंद झाली तर दाब सीलवर येतो आणि एकही सील खराब नसताना दोन-तीन जागांहून तेल पाझरू लागते. एकाच वेळी अनेक ठिकाणी ओल दिसली तर सगळी सील बदलण्याची यादी करण्याआधी ब्रीदर साफ करून पाहावा. पावसाळ्यात याच ब्रीदरचा उलटा त्रास होतो. तासभर हायवेवर धावून तापलेला गिअरबॉक्स तुंबलेल्या रस्त्यावरच्या पाण्यात शिरला की झपाट्याने थंड होतो, आतली हवा आकसते आणि टोपण पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढले जाते. मुंबई-ठाण्याकडे दर पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाड्यांचे इंजिन ऑइल काळजीने बदलले जाते, पण गिअरबॉक्सचे तेल तसेच राहते. पुढे काही महिन्यांनी आवाज सुरू होतो तेव्हा त्याचा त्या पावसाशी संबंध कोणी जोडत नाही.

आवाज : कोणता शाफ्ट फिरत असताना येतो

आवाजाचे वर्णन शब्दांत करणे कठीण असते. एकाला जी घरघर वाटते ती दुसऱ्याला गुणगुण वाटते. म्हणून आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो आणि कधी थांबतो हे नोंदवणे जास्त उपयोगाचे आहे, कारण प्रत्येक स्थितीत आतला वेगळा भाग फिरत किंवा थांबलेला असतो.

गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पाय क्लचवरून काढलेला : या स्थितीत इनपुट शाफ्ट फिरतो, आउटपुट शाफ्ट आणि डिफरन्शियल स्थिर असतात. घरघर येत असेल आणि क्लच दाबल्यावर एक-दोन सेकंदांत विरत असेल तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. खडखड असेल आणि तीही क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर दोन भागांत बनलेले, मध्ये स्प्रिंग असलेले फ्लायव्हील ढिले झाले असण्याची शक्यता असते. ते गिअरबॉक्सच्या आतले नसून बाहेरचे काम आहे. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच दाबल्यावर त्याला सोडवणारे रिलीज बेअरिंग गेले आहे. ही चाचणी घरच्या पार्किंगमध्ये करता येते. तिच्यामुळे अनेक गिअरबॉक्स विनाकारण उघडण्यापासून वाचतात, म्हणून कोणत्याही मेकॅनिककडे जाण्याआधी ती प्रत्येकाने करावी असे माझे ठाम मत आहे.

आवाज फक्त चालताना येत असेल तर प्रश्न अवघड होतो, कारण टायर, चाकाचे बेअरिंग, डिफरन्शियल आणि आउटपुट शाफ्ट हे सगळे एकत्रच फिरतात. इथे पहिली चाचणी अशी : ताशी 72 किलोमीटरचा वेग स्थिर ठेवून तोच वेग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये ठेवून पाहायचा. आवाजाचा स्वर तिन्ही गिअरमध्ये तोच राहिला तर तो चाके, डिफरन्शियल किंवा आउटपुट शाफ्टचा आहे, कारण त्यांचा वेग गाडीच्या वेगाशी बांधलेला असतो. स्वर बदलला तर तो इनपुट शाफ्टच्या बाजूचा किंवा इंजिनाचा आहे. एकाच गिअरमध्ये येत असेल आणि बाकी सर्व गिअरमध्ये नाहीसा होत असेल तर त्या गिअरची जोडी दोषी आहे. फक्त पाचव्यात येत असेल तर वर सांगितलेली उपासमार आठवावी आणि लगेच तेलाची पातळी पाहावी. माझदा एमएक्स-5 सारख्या, मागची चाके फिरवणाऱ्या गाड्यांत एक गिअर थेट जोडणीचा असतो आणि त्यात बाजूच्या शाफ्टवर भार येत नाही, म्हणून त्या गिअरमध्ये आवाज थांबणे ही मोठी खूण ठरते. 02जे मध्ये प्रत्येक गिअरची ताकद दातांच्या जोडीतूनच जाते, त्यामुळे तो ठोकताळा इथे लावू नये.

मोबाइलवरचे ध्वनीची वारंवारता दाखवणारे ॲप इथे चांगली मदत करते. 205/55 आर16 टायरचा परीघ सुमारे 1.98 मीटर असतो. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे 10 वेळा फिरते. क्राउन व्हीलही सरळ रस्त्यावर तितकेच फिरते. त्याला 67 दात आहेत असे धरले, तर दातावर दात येण्याचा स्वर सुमारे 670 हर्ट्झला दिसेल आणि वेग निम्मा केल्यावर तो 335 वर उतरेल. ॲपवर असा शिखरबिंदू दिसला तर क्राउन-पिनियनकडे बोट जाते. पण टायरच्या नक्षीचे ठोकळेही परिघावर साधारण 60 ते 80 वेळा येतात, म्हणजे त्यांचा स्वरही याच पट्ट्यात पडतो, त्यामुळे एकट्या ॲपवर निर्णय देणे धोक्याचे आहे.

टायरचा आवाज वेगळा ओळखायला रस्ता उपयोगी पडतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा बराचसा भाग सिमेंट काँक्रीटचा आहे. तिथून डांबरी रस्त्यावर उतरताच आवाज एकदम बदलला तर तो टायरचा आहे. गिअरबॉक्सला खालचा रस्ता काँक्रीटचा की डांबराचा हे कळत नाही. त्याच मार्गावरचा बोरघाट दुसऱ्या चाचणीसाठी योग्य आहे. चढताना दातांची एक बाजू भाराखाली असते, उतरताना ॲक्सिलरेटर सोडल्यावर दुसरी. फक्त एकाच बाजूच्या भारावर उठणारा हुंकार दातांचा किंवा पिनियनच्या बेअरिंगचा असतो. चढ-उतार दोन्हींत सारखाच राहणारा आवाज बहुधा चाकाच्या बेअरिंगचा. चाकाचे बेअरिंग वळणातही स्वतःला उघडे पाडते : उजव्या वळणावर वजन डाव्या चाकावर जाते, तेव्हा वाढणारी घरघर डाव्या चाकाची समजावी. आणि कमी वेगात स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना येणारी कटकट बाहेरच्या सीव्ही जॉइंटची, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या लवचीक सांध्याची, असते. तिचा गिअरबॉक्सशी संबंध नाही. या सर्व चाचण्या वेगमर्यादेत, मागून वाहन नसताना आणि नोंदी घ्यायला शेजारी दुसरी व्यक्ती असतानाच कराव्यात.

गाडी लिफ्टवर घेऊन चाके फिरवताना लांब पेचकसाचे टोक कवचावर आणि मूठ कानाजवळ धरून ऐकणे ही जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे, फक्त दोन गोष्टी पाळाव्या लागतात. चाके लोंबकळत ठेवली तर एक्सल तिरके होऊन त्यांचे जॉइंट स्वतःच आवाज करतात, म्हणून खालच्या आर्मना आधार देऊन चाके नेहमीच्या उंचीवर आणावीत. आणि फिरत्या चाकांजवळचे हे काम अनुभवी मेकॅनिकनेच करावे.

02जे चा एक खास दोष इथे सांगायलाच हवा. त्याचे क्राउन व्हील डिफरन्शियलच्या कवचाला बोल्टने नव्हे तर रिव्हेटने जोडलेले आहे. ट्यून केलेल्या गाडीत एक चाक घसरत असताना पुन्हा पुन्हा जोराने सुटण्याने हे रिव्हेट सैल होतात आणि अखेर त्यांची डोकी तुटतात. तुटलेला तुकडा फिरत्या भागांत सापडला तर तो गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियम कवचाला आतून भोक पाडतो आणि सगळे तेल एकाच दमात रस्त्यावर जाते. आधीची सूचना म्हणजे चाकाच्या गतीबरोबर जलद किंवा मंद होणारा, ठराविक अंतराने येणारा ठोका. असा ठोका आला तर गाडी तिथेच थांबवावी आणि टो करून न्यावी. गिअरबॉक्स उघडला तर रिव्हेटच्या जागी बोल्ट बसवण्याचे किट त्याच वेळी बसवून घ्यावे. अशा गाडीत ही उधळपट्टी नाही.

तेल काढताना आणि भरताना

पातळी पाहण्यासाठी गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. फक्त पुढचा भाग जॅकवर घेतला तर पातळी खोटी दिसते. बाजूचा भरण्याचा नट काढावा. तेल त्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत असले पाहिजे. इथे एक नियम कधीही मोडू नये : आधी भरण्याचा नट सुटतो याची खात्री करावी आणि मगच खालचा ड्रेन नट काढावा. वर्षानुवर्षे न उघडलेला नट गंजून अडकलेला असेल आणि तेल आधीच काढून टाकलेले असेल, तर भरायला वाट नसलेला रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी अडकून पडते.

निघालेले तेल मोजून घ्यावे, कारण किती कमी निघाले यावरून गाडी किती काळ उपाशी धावली याचा अंदाज येतो. मग ते पांढऱ्या भांड्यात पसरून उन्हात पाहावे आणि त्यातून चुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटणारा राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप ही नेहमीची झीज आहे. चुंबकाला न लागणारी सोनेरी चमक पितळी सिंक्रो रिंगांची, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांची, असते. ती थोडी असेल आणि दुसऱ्या गिअरला करकर होत असेल तर त्या रिंगा थकल्या आहेत. बोटांना टोचणारे पोलादी पापुद्रे मात्र बेअरिंगच्या किंवा दातांच्या कडक थराचे असतात आणि ते दिसल्यावर नव्या तेलाने प्रश्न सुटेल अशी आशा करू नये. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरले आहे. अशा वेळी नवे तेल भरून, थोडे चालवून, पुन्हा एकदा बदलावे.

भरताना कंपनीने सांगितलेल्या मापाचेच, म्हणजे या गिअरबॉक्ससाठी 75डब्ल्यू-90 (हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा) सिंथेटिक, जीएल-4 या गिअर ऑइलच्या दर्जाचे तेल भरावे. जीएल-5 हा आकडा मोठा असल्याने ते वरच्या दर्जाचे असा समज आहे, पण त्यातली दाबरोधक रसायने दुप्पट असतात, ती पितळाला चांगली नाहीत आणि त्यांच्यामुळे सिंक्रो रिंगांना हवे ते घर्षण मिळत नाही. जास्त भरणेही वाईट : तेलाला फेस येतो, ते तापते आणि ब्रीदर व सीलमधून बाहेर येऊन नवी गळती झाल्याचा भास होतो.

नंतरच्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये आलेल्या डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या स्वयंचलित, गिअरबॉक्सना यांतले बरेचसे लागू होत नाही. सहा वेगांच्या, ओल्या क्लचच्या डीक्यू250 मध्ये क्लचही त्याच तेलात भिजलेले असतात, ते तेल फिल्टरसह दर 60,000 किलोमीटरला बदलावे लागते आणि त्याची पातळी तेल 35 ते 45 अंश सेल्सिअस असताना, इंजिन चालू ठेवून, निदान यंत्र लावून पाहावी लागते. तिथे घरगुती तपास पुठ्ठा आणि वासापर्यंतच ठेवावा.

जुनी आरएस विकत घेताना हे सगळे दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. घट्ट तेल किंवा आवाज दाबणारे मिश्रण घालून गिअरबॉक्स काही दिवस शांत करता येतो, म्हणून गाडी थंड असताना आणि तासभर चालवून गरम झाल्यावर अशी दोनदा ऐकावी. मिश्रणाचा परिणाम तेल तापून पातळ झाल्यावर ओसरतो. नुकताच धुतलेला गिअरबॉक्स आणि धुळीने माखलेले इंजिन असे एकत्र दिसले तर विक्रेत्याला कारण विचारावे. दुरुस्तीनंतर 500 किलोमीटर झाल्यावर थंड गाडीत पातळी पुन्हा पाहावी आणि तोच पुठ्ठा पुन्हा एक रात्र खाली ठेवावा. पातळी काठाला असेल, पुठ्ठा कोरडा असेल आणि तरीही तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या गिअरच्या चाचणीत आवाज पहिल्यासारखाच येत असेल, तर बेअरिंगची झीज तेलाने भरून येणारी राहिलेली नाही आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा निर्णय आता पुरेशा पुराव्यावर घेता येतो.